वाळवंटातली ॲक्टिव्हा: साइड-बाय-साइड गाडी पाळायची म्हणजे काय करायचं

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मागे लाल दगडाचा डोंगर, पुढे धुळीने माखलेली माझी चार सीटची गाडी. अर्ध्या तासात प्रश्न सुरू झाले. आत्या म्हणाली, "गोल्फवाल्यांची गाडी का रे ही?" मामेभावाने विचारलं, "एवढ्या पैशात थार नसती आली?" आईचं एकच, "दारं कुठायत?" बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मिरजेला असतात. त्यांचा मेसेज रात्री उशिरा आला: "पट्टा आहे का गिअर?"

बाकीच्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण ही गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न बाबांचा आहे. मी तो विचारला नव्हता, आणि त्याची किंमत मोजली.

हे प्रकरण आहे तरी काय

अमेरिकेत डोंगर, वाळू, जंगलातले कच्चे रस्ते यांवर चालवायला दोन जातीच्या छोट्या गाड्या असतात. एकीवर घोड्यावर बसल्यासारखं टांग टाकून बसायचं आणि हँडल धरायचं. तिला एटीव्ही म्हणतात; आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर दहा मिनिटांच्या फेरीला भाड्याने मिळते तीच. दुसरीत शेजारी शेजारी बसायचं, स्टिअरिंग हातात, पाय पेडलवर, अंगावर सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा. शेजारी शेजारी बसायचं म्हणून नाव साइड-बाय-साइड.

मुळात ही शेतकऱ्याची गाडी. कावासाकीची म्यूल १९८८ सालची. मागे छोटा हौदा, त्यात चाऱ्याचे गठ्ठे टाका नाहीतर कुंपणाची तार. पुढे २००३ च्या सुमारास यामाहाची ऱ्हायनो आली आणि लोकांच्या लक्षात आलं की हौदा रिकामा ठेवूनही हिच्यात मजा येते. २००७ मध्ये पोलारिसने आरझेडआर आणली, ती थेट मजेसाठीच. तिथून जी शर्यत लागली ती अजून थांबलेली नाही. २०२३ मध्ये आलेल्या कॅन-ॲमच्या मॅव्हरिक आर या गाडीची ताकद २४० अश्वशक्ती आहे. आपल्या ॲक्टिव्हाची साधारण आठ.

कायद्याच्या दृष्टीनेही हे विचित्र जनावर आहे. अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षेचे नियम एक संस्था ठरवते, पण ही गाडी कारखान्यातून रस्त्यासाठी निघतच नाही, म्हणून ती ग्राहक सुरक्षा आयोगाकडे जाते. मुलांची खेळणी आणि टोस्टर ज्यांच्या अखत्यारीत, त्यांच्याच. एअरबॅग नाही, मोटारीसारख्या टक्कर चाचण्यांची सक्ती नाही. मी युटा राज्यात राहतो. इथे आरसे, इंडिकेटर, हॉर्न वगैरे बसवून आणि वेगळी नोंदणी करून तिला गावातल्या रस्त्यावर आणता येतं, पण इंटरस्टेटसारख्या मोठ्या महामार्गावर नाही. म्हणून ट्रेलर आला, ट्रेलर ओढणारी मोठी गाडी आली, आणि ते सगळं उभं करायला जागा आली. मामेभावाला मी अजून हा भाग सांगितलेला नाही.

बाबांचा पट्टा

ॲक्टिव्हा चालवताना गिअर बदलावा लागत नाही. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने ही सोय भारतात आणली तेव्हापासून आपण ती गृहीत धरून चाललोय. आत काय असतं? दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक रबरी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन उतरत्या थाळ्या, मधोमध बारीक असलेल्या डमरूसारख्या. थाळ्या जवळ आल्या की पट्टा वर कडेकडे ढकलला जातो, लांब गेल्या की खाली आसाकडे रुततो. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि थाळ्या दाबतात. तिथे पट्टा वर चढतो, मागच्या पुलीत तेवढाच खाली जातो. सायकलचे गिअर बदलल्यासारखंच, फक्त पायऱ्या नाहीत, घसरगुंडी आहे. या रचनेचं नाव सीव्हीटी. बहुतेक साइड-बाय-साइड गाड्यांत हेच असतं.

पण ॲक्टिव्हात आणि हिच्यात एक फरक आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. ॲक्टिव्हात पट्टा कायम घट्ट असतो आणि गाडी उचलण्याचं काम मागे बसवलेला वेगळा क्लच करतो. हिच्या जातीतल्या बऱ्याच गाड्यांत वेगळा क्लच नाहीच. गाडी उभी असताना पुढची पुली पट्ट्याला सैल सोडते आणि ॲक्सिलरेटर दिला की हळूहळू पकडते. म्हणजे निघतानाची सगळी घासाघीस पट्टाच सोसतो. वर गाडीचं वजन सात-आठशे किलो, माणसं, पाण्याचा डबा, आणि चढ.

आमच्या पेठेतल्या चक्कीत दळण जास्त लोटलं की पट्टा घसरायचा, चीं आवाज यायचा आणि जळकट वास सुटायचा. चक्कीवाला पटकन दळण कमी करायचा. हा वास मला लहानपणापासून ठाऊक होता. तरीही सॅन राफाएल स्वेल या भागात एका कोरड्या ओढ्याच्या पात्रातून वर चढताना तो वास आला, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "पुढच्यांची गाडी जळतेय वाटतं."

मग धाड! आणि इंजिन मोकळं फिरायला लागलं.

झाकणाचे दहा बोल्ट काढले, तर आत पट्टा नव्हताच. पुलीच्या मागे काळ्या दोऱ्यांचा गुंता होता, उसवलेल्या गोधडीसारखा, आणि सगळीकडे रबराचा भुसा. पक्कडीने एकेक दोरा ओढून काढायला पाऊण तास गेला. तो काढावाच लागतो. दोरे आसाभोवती राहिले तर तिथलं ऑइल सील कापतात. मग थाळ्या फाकवायचं हत्यार, नवा पट्टा, त्याच्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने, झाकण बंद. मुलगा टॉर्च धरून उभा. रात्री बाबांना फोन केला आणि म्हटलं, पट्टा तुटला. त्यांनी विचारलं, "दांडा कशावर होता?" म्हटलं, "हाय." ते म्हणाले, "मग तुटला नाही. तू जाळलास."

खरं आहे. या गाड्यांना दोन पुढचे टप्पे असतात, लो आणि हाय. लो फक्त चिखलात अडकल्यावर टाकायचा असा माझा समज होता. उलट, चढ, दगड, ट्रेलरवर चढवणं, किंवा बराच वेळ ताशी साधारण पंधरा मैलांच्या खाली रेंगाळत जाणं, या सगळ्याला लो. कारण हायमध्ये इतक्या सावकाश चालताना पुढची पुली पट्ट्याला पुरतं पकडतच नाही. अर्धवट पकड, घसर, उष्णता. पट्ट्याचा खरा शत्रू उष्णता. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करण्यापेक्षा थोडं अंतर हलक्या पायाने चालवून आत हवा खेळू द्यावी. नवा पट्टा घातल्यावर पहिले पन्नास मैल ओढाताण करू नये, कपडा नवा असताना अंगावर बसायला वेळ लागतो तसं. आणि पाण्यातून जाताना झाकणात पाणी शिरलं तर पट्टा नुसता गरगरतो. खालचा बोल्ट काढून पाणी सोडायचं, न्यूट्रलमध्ये थोडं रेस करून वाळवायचं.

त्या दिवसापासून माझ्या गाडीत दोन पट्टे असतात. कंपनीचा एक दीड-दोनशे डॉलरला येतो. तेव्हापासून एकही जळलेला नाही.

इतकं नाजूक आहे तर सरळ गिअर का नाही देत?

देतात. यामाहाची वायएक्सझेड १००० आर पाच गिअर आणि पायाच्या क्लचसकट आली. होंडाच्या टॅलॉनमध्ये दोन क्लचची आपोआप बदलणारी गिअरपेटी आहे, पट्टा नाही. वर सांगितलेल्या २४० घोड्यांच्या मॅव्हरिक आरमध्येही पट्टा काढून सात गिअरची पेटी बसवली.

तरी पट्टा टिकून आहे, कारण तो स्वस्त आहे, हलका आहे, आणि दगडांत पाऊल पाऊल चालताना जितका गुळगुळीत चालतो तितका पायाचा क्लच चालत नाही. शिवाय एक गोष्ट लोक विसरतात: तो मरतो तेव्हा स्वतः मरतो, गिअरपेटी वाचवतो. शिवाय तो रानात बसूनही बदलता येतो. गिअरचा दात तुटला तर गाडी ओढूनच आणायची.

मोठे टायर घातले की काय काय होतं

साइड-बाय-साइड घेतलेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत तीन गोष्टी घेतो: मोठे टायर, दिव्यांची पट्टी आणि गाण्यांचे स्पीकर. स्पीकरबद्दल माझं मत विचारू नका. विंच म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर कामाची आहे, पण विंच, दिवे, स्पीकर सगळं एका छोट्या बॅटरीवर टाकलं की पुढे एका सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. इंजिन वीज तयार करतं ती मोजकीच असते.

टायरचं प्रकरण जास्त खोल आहे. माझ्या गाडीला तीस इंचाचे टायर होते, मी बत्तीसचे घातले. दिसायला झकास, पोटाखाली एक इंच जास्त जागा. दोन इंच म्हणजे किती? घेर जवळजवळ सात टक्क्यांनी वाढला. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी सात टक्के पुढे जाते, आणि इंजिनाला तेवढं जड जातं. कायम अर्धा गिअर वरचा टाकून चालवल्यासारखं. हा जास्तीचा भार कोणावर? पट्ट्यावर. मग पुलीतली वजनं आणि स्प्रिंग बदलायचे, त्याला क्लच किट म्हणतात (या पुल्यांनाच इथे क्लच म्हणतात). माझं ते झालं.

मग टायर जड. आणि वजन कुठे, तर अगदी टोकाला, जिथे ते फिरतं आणि आपटतं. काखेत धरलेली पाच किलोची पिशवी आणि हात लांब करून धरलेली तीच पिशवी यांत जो फरक, तो इथे सांध्यांना सोसावा लागतो. चाक धरणारे बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टाय रॉड, चाकाचे बेरिंग, बुश, सगळ्यांचं आयुष्य घटतं. मोठे टायर बसावेत म्हणून गाडी उचलायचं किट, म्हणजे लिफ्ट, घातलं की एक्सल तिरके उभे राहतात. एक्सल म्हणजे गिअरपेटीकडून चाकाकडे जाणारा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना वाकूनही फिरणारे सांधे असतात, सीव्ही जॉइंट. जुनी मारुती ८०० वळताना कटकट करायची ना, तोच सांधा. जितका तिरका, तितका झिजतो.

म्हणून लोक दणकट एक्सल घालतात, आणि मला वाटतं इथेच गल्ली चुकते. कारखान्याचा एक्सल हा घरातल्या फ्यूजसारखा आहे. जास्त ताण आला की तो जातो, आणि मग तासाभराचं काम. त्याच्या जागी न तुटणारा दांडा बसवला तर ताण कुठेतरी जाणारच. तो पुढे सरकतो आणि डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचे, दात काढतो. फ्यूजच्या जागी खिळा ठोकल्यासारखं. माझ्या ओळखीतल्या एकाने आधी टायर, मग लिफ्ट, मग एक्सल, मग मागचे रॉड असं वर्षभर केलं आणि शेवटी ज्या भागावर त्याने एक पैसा खर्चला नव्हता तो तुटला.

मी बत्तीसचे टायर ठेवले, लिफ्ट नाही घातली. आता पुन्हा घ्यायची वेळ आली तर तीसचेच घेईन.

धूळ, बूट आणि ग्रीस

या गाडीचं आयुष्य मैलांवर नाही, तासांवर मोजतात. डॅशबोर्डवर तासांचा आकडा असतो. नवी गाडी पहिल्या पंचवीस तासांच्या आसपास ऑइल बदलायला मागते, पुढे साधारण शंभर तासांनी. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात. ट्रॅक्टर वापरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, मोटारवाल्यांना लागतं.

युटाची धूळ मैद्यासारखी असते. एअर फिल्टर दर फेरीनंतर बघायचा, आणि नुसता फिल्टर बघून भागत नाही. फिल्टर काढा आणि त्याच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवा. बोट स्वच्छ आलं तर झोपायला जा. बोटाला पीठ लागलं तर फिल्टरच्या कडेने धूळ आत जातेय, आणि ती पिस्टन घासतेय. मला एकदा लागलं होतं. फिल्टर नवाकोरा होता, पण तोंडावरची पट्टी नीट आवळली नव्हती, एका बाजूला कागद शिरेल एवढी फट. मीच आवळली होती, त्यामुळे दोष द्यायलाही कोणी नाही.

सीव्ही जॉइंटवर रबरी टोपी असते, घडीच्या कंदिलासारखी, आत ग्रीस भरलेलं. तिला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, वाळू आत, आणि पन्नास-शंभर मैलांतसुद्धा सांधा संपू शकतो. बूट आणि क्लिप काही डॉलरमध्ये मिळतात, अख्खा एक्सल शेकड्यांत. फाटलेला बूट दिसतो कसा? चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीसचे फटकारे उडालेले असतात. गाडी धुताना बघायचं. धुताना प्रेशरचा पाइप थेट बेरिंगच्या किंवा बुटाच्या सीलवर मारायचा नाही. आपणच पाणी आत घालतो.

आणि चाक हलवून बघायचं. गाडी जॅकवर उचला, चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. ठकठक झाली तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवलं आणि ढिलेपणा जाणवला तर बहुधा टाय रॉड. बाबा गेल्या उन्हाळ्यात आले होते, तेव्हा त्यांनी उतरल्या उतरल्या, चहाच्या आधी, हे केलं. चारही चाकं. एकही शब्द न बोलता ग्रीसगन मागितली.

बाहेरचा पार्ट लावला की वॉरंटी जाते का?

डीलरचा माणूस काउंटरवर सहज म्हणून जातो, "हे लावलं की वॉरंटी गेली." तसं नसतं. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे तिने दाखवायला हवं. बाहेरचे दिवे लावले म्हणून इंजिनाची वॉरंटी जात नाही. पण इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली आणि पिस्टन वितळला, तर भांडायला जागा नाही. धूर कमी करणारी यंत्रणा काढणं तर संघराज्याच्या कायद्याने बेकायदाच. सायलेन्सर बदलणाऱ्याने आणखी एक पाहावं: राष्ट्रीय वनांत ठिणग्या अडवणारी जाळी लागते. उन्हाळ्यातलं तिथलं गवत पाहिलं की का ते कळतं.

आईचा प्रश्न: दारं

हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही गाडी उंच, अरुंद आणि चपळ, म्हणून ती कलंडते. कलंडताना माणूस काय करतो? आधारासाठी हात बाहेर काढतो, आणि वरून पिंजरा त्याच हातावर येतो. सीटबेल्ट, दार किंवा जाळी, आणि हात स्टिअरिंगवर किंवा पुढच्या दांड्यावर. शेजारी बसणाऱ्याला हे निघण्याआधी सांगायचं. आमच्या घरात पाहुण्यांना हे पाठ करून दाखवावं लागतं, त्याशिवाय चावी फिरत नाही.

कंपन्यांनाही हे महागात पडलेलं आहे. ऱ्हायनोच्या कलंडण्याच्या अपघातांनंतर मार्च २००९ मध्ये यामाहाला त्या गाड्या फुकट दुरुस्त करून द्याव्या लागल्या. दुरुस्तीत मागची चाकं स्पेसर घालून बाहेर सरकवली आणि मागचा एक आडवा दांडा चक्क काढून टाकला. काढल्याने गाडी सुधारली, हे ऐकून बाबा फार खूश झाले होते. एप्रिल २०१६ मध्ये पोलारिसने सुमारे १ लाख ३३ हजार आरझेडआर परत बोलावल्या, कारण गाड्या पेट घेत होत्या. तोवर १६० हून अधिक आगी नोंदल्या गेल्या होत्या आणि एका पंधरा वर्षांच्या मुलीचा जीव गेला होता. धोक्याची माहिती वेळेत न कळवल्याबद्दल २०१८ मध्ये कंपनीने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड भरला. म्हणून जुनी गाडी घेताना तिचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉलचं काम झालंय का ते बघायचं. पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

युटात १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या माणसांनाही आधी ऑनलाइन कोर्स करावा लागतो. अठराच्या आतल्यांना हेल्मेट सक्तीचं. आम्ही सगळेच घालतो.

थार किंवा जीप का नाही?

मामेभाऊ बरोबर आहे, अर्धा. दगडांवरून सावकाश चढायची हौस असेल, घरापासून थेट निघायचं असेल आणि पाऊस आला तर काच वर करायची असेल, तर जीप घ्या. ट्रेलर लागत नाही, एसी आहे. साइड-बाय-साइड वेगळीकडे जिंकते: तिचं वजन जीपच्या निम्म्याहून कमी, आणि खेळाच्या गाड्यांची चाकं दीड फुटापर्यंत, काहींची त्याहून जास्त वर-खाली होतात. ज्या खडबडीत रस्त्यावर जीपमध्ये दात वाजतात, तिथून ही होडीसारखी जाते. माझी सहा वर्षांपूर्वी जुनी तेरा हजार डॉलरला घेतली. खेळाच्या बऱ्याच नव्या गाड्या वीस हजारांपासून चाळीसच्या पुढे जातात. त्या पैशात थार येते, हे मी कबूल केलेलं आहे.

नेणार कुठे?

घेण्याआधी टेप घेऊन रुंदी मोजा. हे कोणी सांगत नाही. राष्ट्रीय वनांतल्या बऱ्याच वाटा ५० इंचांपेक्षा रुंद गाडीला बंद आहेत; तोंडाशी दोन खांब रोवलेले असतात, मावलात तर जा. पहिली आरझेडआर ५० इंचांची होती ती उगाच नाही. आता ६४ आणि ७२ इंचांच्या गाड्या आल्या. वाळूवर त्या स्थिर असतात, पण जंगलातल्या वाटेच्या तोंडाशी उभ्या राहतात. युटाच्या दक्षिण-मध्य भागातली पायूट ट्रेल अडीचशेहून जास्त मैलांची आहे, पण तिच्या फाट्यांवर जाताना रुंदी बघावी लागते. कुठे जाता येतं त्याचा वन खात्याचा अधिकृत नकाशा फुकट मिळतो. नकाशात वाट नसेल तर ती वाट नाही, मग जमिनीवर चाकांच्या खुणा असल्या तरी.

यावरून मोआब गावात वाद पेटलेला आहे. गावकऱ्यांना आवाज नको, दुकानदारांना पाहुणे हवेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी भूखात्याने तिथल्या लॅबिरिंथ कॅनियन भागातल्या ३१७ मैल वाटा मोटारींना बंद केल्या. गाडीवाले चिडले. मीही माझ्या आवडीची एक वाट गमावली. तरी सांगतो: त्या वाळवंटात जमिनीवर काळपट, खरखरीत खपली दिसते, ती माती नव्हे, जिवंत असते. शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्मजीव मिळून वाळू धरून ठेवतात. चाक एकदा गेलं की ती भरून यायला दशकं लागतात. ज्यांनी बाजूने गाडी घातली त्यांच्यामुळे वाटा बंद होतात, हे आमच्यातले लोक खासगीत मान्य करतात. शेजारच्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांत तर नंबरप्लेट असली तरी या गाड्यांना प्रवेश नाही.

सह्याद्रीत का नाही चालवत, असंही विचारतात. भारतात अशा खेळाच्या गाड्या विकत मिळतात, पण त्यांचं आरटीओ पासिंग होत नाही. खासगी ट्रॅकवर फिरवायच्या आणि तिथेच ठेवायच्या. आणि आपल्या डोंगरातली बरीचशी जमीन वन खात्याची, गडावरची पुरातत्त्वची. पठारावरच्या फुलांवरून चाकं फिरवायची कल्पनासुद्धा मला नको वाटते.

जुनी घ्यायची असेल तर

मैलांना तासांनी भागा. तीन हजार मैल आणि दोनशे तास म्हणजे सरासरी ताशी पंधरा मैल. घरची माणसं फिरवलेली गाडी. तेवढेच मैल ऐंशी तासांत असतील तर कोणीतरी ती पळवलीय. मग रिकॉल, मग चारही बूट, मग चाकं हलवून बघणं. पट्टा कधी बदलला विचारा. "कधीच नाही" हे उत्तर मालक अभिमानाने देतो, तुम्ही नवा पट्टा धरून हिशोब करा. फिल्टर काढून नळीत बोट. रंग चकचकीत असेल तर जास्त बारकाईने बघा, कारण पिंजऱ्याचे वाकलेले पाइप सरळ करून रंगवतात. वेल्डिंगच्या जोडांवर नखाने खरवडलं की खालचा जुना रंग दिसतो.

सगळ्यात शेवटी पोटाखालची प्लेट. सात-आठ स्क्रू असतात. गेल्या शरदात एका मित्रासोबत गाडी बघायला गेलो होतो. दाखवायला आणलेली गाडी वरून आरशासारखी. मी म्हटलं, प्लेट काढू का? मालक म्हणाला, गरज काय? मित्राने दोनदा विनवल्यावर त्याने पाना दिला. दोन स्क्रू सैल केले तर कडेने वाळलेला चिखल पडायला लागला, बोटभर जाड पापुद्र्यांनी, आणि त्याच्यात गवताच्या मुळ्या. म्हणजे ही गाडी पाण्यात बुडली होती आणि नंतर कोणी खाली वाकूनही पाहिलं नव्हतं. आम्ही दोन्ही स्क्रू परत आवळले, पाना पुसून दिला आणि निघालो.